अनधिकृत ध्वनिफीत आणि पाठशुद्धी

देवळाली कॅम्प येथील लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी 'देवळाली'चे 'डूलाली' झाले आणि पुढे इंग्रजीत तो शब्द 'वेडसर' या अर्थाने रूढ झाला. हे रूप 'शुद्ध' करू गेल्यास त्यातील इतिहासच नाहीसा होईल. रॉक मैफलींच्या 'बूटलेग', म्हणजे अनधिकृत, ध्वनिफिती जमवून त्यांची शुद्धी करणाऱ्या संग्राहकांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

पोथीप्रमाणे फितीचीही प्रतीवरून प्रत होते. प्रत्येक प्रतीत खरखर वाढते व उच्च वारंवारतेचे ध्वनी क्षीण होतात. गती सुमारे ६ टक्क्यांनी चुकल्यास सर्व सूर एका अर्धस्वराने सरकतात. वाद्यांच्या पट्टीचा आधार घेऊन गती सुधारणे ही रास्त पाठशुद्धी होय. खरखर काढणे मात्र तितके निरुपद्रवी नाही. 'स', 'श' ही घर्षक व्यंजने त्याच पट्ट्यात येत असल्याने तिच्यासोबत गायकाचे उच्चारही पुसट होतात.

लेड झेपेलिनच्या जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ साली मुंबईत स्थानिक वादकांसह केलेले ध्वनिमुद्रण मैफलीतील नव्हते. तथापि तेही अनेक वर्षे अशाच प्रतींतून फिरले. २०१५ साली 'कोडा'च्या विस्तारित आवृत्तीत पेज यांच्या देखरेखीखाली ते प्रसिद्ध झाले, तेव्हाच त्या प्रती अधिकृत पाठाशी ताडून पाहणे शक्य झाले. बहुतेक मैफलींच्या वाट्याला असा पाठ येत नाही. म्हणून मूळ प्रत आणि केलेल्या फेरफारांची नोंद जपणारा संग्राहकच संपादक ठरतो; इतरांच्या हातून केवळ आणखी एक पाठभेद निर्माण होतो.