हात चालतो, बसला आहे का?

श्रावण लागला की आमच्या भांडुपात रात्री कोणी घड्याळ पाहत नाही. टेंभीपाड्याच्या बाजूने पखवाजावर थाप ऐकू आली म्हणजे भजनाला माणसे जमली आणि गजर चढला म्हणजे दहा वाजून गेले, असा आमचा साधा हिशेब. मालवण, देवगड, कणकवली, राजापूर या बाजूंची माणसे गिरण्या-कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी इथे आली आणि डोंगराच्या उतारावर चाळी करून राहिली. त्यांनी गावाहून आणलेल्या सामानात टाळ आणि पखवाज हमखास असत. आमच्याकडे एका वस्तीचे नावच कोकण नगर आहे.

देशावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की कोकणात डबलबारी नावाचा भजनाचा एक सामना असतो. दोन बुवा समोरासमोर येतात, आळीपाळीने पेटी घेऊन गातात आणि एकमेकांना गाण्यातूनच उत्तरे देतात. प्रत्येकाच्या बाजूला पखवाजवाला, चकीवाला आणि मागे कोरस. रात्र चढत जाते तशी ईर्ष्याही चढते. या सामन्यात पखवाजवाल्याला जेवढ्या टाळ्या मिळतात, तेवढ्या मैफलीतल्या तबलजीला क्वचितच मिळत असतील. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच सुरू होते.

गेल्या गणपतीत आमच्या शेजारच्या चाळीतला एक सतरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच डबलबारीला वाजवायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काकानू, खरा काय ता सांगा. झिलाचो हात कसो चलता?"

"हात उत्तम चालतो," मी म्हणालो आणि पुढचे वाक्य गिळले. माउलीच्या ते ध्यानात आले असावे, कारण ती काही न बोलता माझ्याकडे पाहत उभी राहिली. ते गिळलेले वाक्य आज लिहितो आहे.

आपल्या भाषेत हात चालणे आणि हात बसणे अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालणाऱ्या हाताला वेग असतो. बसलेल्या हाताला जागा ठाऊक असते. या मुलाचा हात चालतो, यात शंकाच नाही. गजर चौपटीत गेला तेव्हा त्याची 'तिटकता गदिगन' अशी स्वच्छ उमटत होती की दरेक अक्षर वेगळे मोजून घ्यावे. डाव्या तोंडाची कणीक त्याने बेताची लावली होती, त्यामुळे घुमाराही भरदार होता. गजराला वेग लागतोच. सामन्यात जोश नको म्हणणारा मी सोवळा रसिक नव्हे.

पण त्याआधी बुवांनी एक अभंग ठाय लयीत घेतला होता. भजनी ठेका आठ मात्रांचा. आपल्या आज्या ज्याच्यावर टाळ्या वाजवून भजने म्हणत आल्या, तोच. दुसऱ्या आवर्तनाला लय किंचित पुढे सरकली, तिसऱ्याला आणखी, आणि चौथ्याला बुवांनी मान वळवून पोराकडे पाहिले. जिथे दोन आघातांमध्ये मोकळी जागा होती, तिथे पोर काही ना काही भरत होते. मग त्याने एक तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर यायचे, म्हणजे तिहाई. ती समेवर आली, पण चरणाचा शेवटचा शब्द तिच्याखाली चिरडला गेला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कबूल केले पाहिजे की टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या शब्दासाठी अभंग होता, हे मला घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर सुचले.

असे का होते? जलद लयीत एक अक्षर दुसऱ्याला ओढत नेते. हाताला थांबून विचार करायला सवडच नसते. ठाय लयीत दोन आघातांमधल्या पोकळीत वादकाला स्वतःच्या मोजणीवाचून आधार नसतो. भीती शिरते ती तिथे. आधी खांदा ताठतो, मग मनगट, आणि हात घाईघाईने पुढच्या मात्रेचा काठ गाठू पाहतो. श्रोत्यांना वाटते, पोर किती धीट! वास्तविक ते घाबरून पळत असते.

हे मला कळते याचे कारण मी स्वतः तसाच पळालो आहे. एकोणिसाव्या वर्षी एका कार्तिकी एकादशीला मी वाजवायला बसलो आणि दुसऱ्याच अभंगाला माझी सम हरवली. बुवांनी गाता गाता मांडीवर टाळी धरली आणि मला वाट दाखवली. नंतर ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सहा महिने मला साध्या ठेक्याखेरीज काही वाजवू दिले नाही. आधी बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने टाळी-खाली धरायची, मग पखवाज. तीस आवर्तने न अडखळता गेली तर लय तसूभर वाढवायची, अडखळलो तर पुन्हा उतरवायची. चुकत चुकत जलद वाजवले तर हात चूकही तितक्याच निष्ठेने पाठ करतो, असे ते म्हणत. चाळीत पहाटेच्या पाळीला जाणारी माणसे झोपलेली असत, म्हणून रात्रीचा रियाज गोधडीची घडी करून तिच्यावर चाले. गोधडीला नाद नसतो, त्यामुळे स्वतःवर खूश होण्याचीही सोय नव्हती!

मोठ्यांची साक्ष काढायची तर अहमदजान थिरकवा यांची काढावी. मुरादाबादचा हा तबलानवाज बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता. एकट्याने वाजवायला बसले म्हणजे खाँसाहेबांचे भांडार अफाट. १९७६ साली ते गेले तेव्हा त्या विद्येचा एक मोठा कोठाच बंद झाला. ठाण्याच्या भाई गायतोंड्यांसारख्या शिष्यांनी ती पुढे जपली. तेही २०१९ साली गेले. पण नाटकातल्या पदांच्या साथीकडे कान द्यावा. गायक शब्द घोळवतो तिथे ठेका जागचा हलत नाही. शब्द संपून जागा मिळाली की हात क्षणभर खुलतो आणि लगेच आवरतो. एवढी श्रीमंती घरात असून ती उघडून दाखवण्याची ज्याला घाई नाही, त्याला मी आत्मविश्वास म्हणतो.

हल्ली 'आत्मविश्वास ठेवा' असा उपदेश उठल्यासुटल्या केला जातो. जणू ती खुंटीवरची टोपी आहे, घरातून निघताना घालायची. हाताला विश्वास येतो तो तीस आवर्तनांच्या आठवणीने. पण नुसत्या रियाजाने सारे भागते, असेही मी म्हणणार नाही. माझे सहा महिने संपल्यावर पुन्हा माणसांत बसलो तेव्हा बोटे कापलीच. दुसऱ्या बैठकीला कमी कापली, पाचव्या-सहाव्याला कापायची थांबली. माणसांतला धीर माणसांत बसूनच मिळतो. फक्त ती बैठक आधी लहान असावी: कर्ण्यावाचूनची, बक्षिसावाचूनची, गुरुवारच्या साध्या आरतीनंतरची. आम्ही पोरांना एकदम मांडवात, हजार डोळ्यांपुढे बसवतो, पळाली की टाळ्या वाजवतो, आणि पुढे मोठेपणी त्यांना ठेका धरता येत नाही म्हणून नाके मुरडतो. या दोषात वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा वाटा मोठा आहे.

हे सगळे मी त्या आईला सांगितले. तिने ते मुलाला सांगितले असावे, कारण पुढचे पंधरा दिवस तो मला जिन्यात ओळख देईना. टीकाकाराच्या वाट्याला हे यायचेच! मात्र नवरात्र संपता संपता एका रात्री भिंतीपलीकडून दबका आवाज येऊ लागला. घडी केलेल्या अंथरुणावर आठ मात्रा, अगदी सावकाश. पाचव्या आवर्तनाला लय चढली. तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या चाळीत भजन आहे. कर्णा नाही, सामना नाही. पखवाजाला तोच बसणार आहे. मी बुवांना एवढीच विनंती केली आहे की पहिला अभंग ठाय लयीतच घ्यावा.