'अस्तु': चन्नम्माची माया, इराची चिडचिड

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'अस्तु'मध्ये अल्झायमर झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, आई शोधतात. नावं पुसली गेली तरी कुशीची ओढ शाबूत. अमृता सुभाषला चन्नम्मासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

पण माझी एक तक्रार आहे. चन्नम्माला जेमतेम दिवसभर सांभाळायचंय. मुलगी इरा (इरावती हर्षे) मात्र हा आजार वाढताना बघत आलीय. तिचाही मेंदू बदललाय. सतत सावध, चिडका, वर अपराधी. चित्रपट तिचं ऐकून घेतो, माया मात्र चन्नम्माच्या पदरात टाकतो.

खरवईच्या आमच्या घरात आजी मला मामाच्या नावाने हाक मारते. मी हल्ली ओ देतो. आई अजून दुरुस्त करते.