'ट्रान्समिशन' कादंबरीतील व्हिसाधारक तंत्रज्ञ : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा आपल्या विद्यापीठीय वर्तुळात प्रामुख्याने अस्मिता, स्मृतिकातरता आणि सांस्कृतिक संकर या संकल्पनांच्या आधारे होत आली आहे. या संकल्पनांची उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि १९९० नंतर संगणक व्यवसायासाठी अमेरिकेत गेलेल्या तंत्रज्ञाच्या जीवनाचे पुरेसे आकलन त्यांतून होत नाही. या देशात किती दिवस राहता येईल आणि ते कोणाच्या हाती आहे, हा त्याच्या जीवनातील पहिला प्रश्न असतो. अस्मितेचा प्रश्न त्यानंतर येतो. मराठी वाचकाला अमेरिका परिचित आहे ती बहुतांशी प्रवासवर्णनांतून आणि मुलांकडे काही महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या लेखनातून. अशा लेखनात व्हिसा बहुधा वकिलातीच्या दारापुरता येतो. पुढे त्याचा विसर पडतो.

ब्रिटिश कादंबरीकार हरी कुंझरू यांच्या 'ट्रान्समिशन' (२००४) या कादंबरीत मात्र व्हिसा हाच कथानकाचा कणा आहे. या कादंबरीने व्हिसाच्या व्यवस्थेला कथारूप कसे दिले आणि त्या व्यवस्थेचा कोणता भाग तिच्या आवाक्याबाहेर राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

१९९० च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्याने एच-१बी या तात्पुरत्या व्हिसाला आजचे स्वरूप दिले व त्यास दरवर्षी ६५,००० ची मर्यादा घातली. हा व्हिसा प्रथम तीन वर्षांसाठी मिळतो व सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढविता येतो. त्यासाठीचा अर्ज कर्मचारी करीत नाही, मालक करतो. साहजिकच देशात राहण्याचा हक्क नोकरीला बांधला जातो. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधण्यासाठी साठ दिवसांपर्यंतची मुदत नियमाने मिळू लागली ती २०१७ पासून. कादंबरीतील काळात तेवढीही सवलत नव्हती.

या कायद्यात एक लक्षणीय विसंगती आहे. एच-१बी धारकाला कायदा 'तात्पुरता' म्हणतो. परंतु त्याने कायम वास्तव्याची इच्छा धरण्यास हरकत घेत नाही. कायद्याच्या परिभाषेत यास 'दुहेरी हेतू' म्हणतात. कागदोपत्री पाहुणा आणि मनाने रहिवासी, अशी ही दुभंग अवस्था खुद्द कायद्यानेच मान्य केलेली आहे.

कथानक आणि व्हिसा

अर्जुन मेहता हा दिल्लीजवळच्या नॉयडात वाढलेला, संगणकात रमलेला, व्यवहारात भाबडा तरुण. 'डेटाबॉडीज' नावाची कंपनी त्याला अमेरिकेत पाठविते. विदा आणि देह या दोन शब्दांची ही जोडणी सूचक आहे. माणसे भाड्याने पुरविण्याच्या ज्या धंद्याला 'बॉडी शॉपिंग' म्हणतात, त्याचेच हे नामकरण होय. समाजशास्त्रज्ञ शियांग बियाओ यांनी 'ग्लोबल बॉडी शॉपिंग' (२००७) या ग्रंथात याच धंद्याचा क्षेत्रीय अभ्यास मांडला. कुंझरूंची कादंबरी त्याआधी तीन वर्षे आली, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

कॅलिफोर्नियात पोहोचलेल्या अर्जुनला काम नसते. आपल्यासारख्याच इतर तंत्रज्ञांसह तो 'बेंच'वर बसून राहतो. घरी मात्र सर्व उत्तम चालल्याचे कळवितो. पुढे रेडमंड येथील 'व्हायरूजेनिक्स' या विषाणुरोधक प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी मिळते आणि मंदीच्या लाटेत ती जातेही. आपली गरज कंपनीला पुन्हा भासावी म्हणून तो लीला झहीर या हिंदी चित्रपटतारकेच्या नावाचा विषाणू संगणकांत सोडतो. उपाय आपणच शोधू आणि नोकरी परत मिळवू, हा त्याचा भाबडा हिशेब.

हे कृत्य केवळ विक्षिप्तपणाचे मानले तर कादंबरीचे मर्म हातून निसटते. ज्या तंत्रज्ञाची नोकरी गेल्यास पगाराबरोबर देशात राहण्याचा आधारही जातो, त्याच्या भीतीची जात वेगळी असते. अमेरिकन सहकाऱ्याला नोकरी गमावणे म्हणजे आर्थिक संकट. अर्जुनला ते हद्दपारीइतके जवळचे. एकाच दालनात शेजारी बसणाऱ्या दोघांमधील हे अंतर कुंझरूंनी नेमके टिपले आहे.

गाय स्विफ्ट या लंडनच्या जाहिरात-व्यावसायिकाचे उपकथानक याच सूत्राला उलट बाजूने भिडते. युरोपच्या सीमा-प्राधिकरणाची प्रतिमा घडविण्याचे काम मिळविण्यासाठी धडपडणारा हा गृहस्थ, विषाणूने नोंदी बिघडल्यामुळे, स्वतःच बेकायदा स्थलांतरित ठरून अल्बानियात पाठविला जातो. उपरोध धारदार आहे, पण काहीसा अति नेटका आहे. गायवरील संकट अपघाताने आलेले आहे. अर्जुनचे संकट नियमातून आलेले आहे. दोन्ही पारडी समान दाखविण्याच्या नादात हा मूलभूत भेद पुसट होतो.

कादंबरीची मर्यादा

कादंबरीची खरी मर्यादा तिच्या आकृतिबंधात आहे. बडतर्फी, गुन्हा, पलायन आणि मेक्सिकोच्या सीमेजवळ अर्जुनचे नाहीसे होणे, हा सारा घटनांचा वेग आहे. व्हिसाधारकाच्या जीवनाचा मोठा भाग मात्र घटनाशून्य असतो. तो असतो प्रतीक्षेचा.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या सुमारे १,४०,००० असून तीत कुटुंबीयही मोजले जातात. सर्वसाधारणपणे कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. अर्जदारांत भारतीयांची संख्या फार मोठी असल्याने त्यांची रांग लांबत गेली. २०२५ च्या मध्यावर दुसऱ्या श्रेणीतील भारतीयांसाठीची तारीख २०१३ च्या आरंभापर्यंतच पोहोचली होती. २००० च्या कायद्याने रांगेतील व्यक्तीला सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढविण्याची सोय दिली. म्हणजे प्रतीक्षा शक्य झाली, ती संपली नाही. नोकरी बदलल्यास रांगेतील तारीख बहुधा टिकते. परंतु नव्या मालकाला प्रमाणीकरणाची प्रक्रिया सहसा पहिल्यापासून करावी लागते. त्यामुळे बढती वा बदल स्वीकारतानाही हात आखडतो. जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये. लहानपणी आलेले मूल रांगेतच एकवीस वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या अर्जातून वगळले जाण्याचा धोका असतो.

या प्रतीक्षेला अभिव्यक्तीच नसते असे नाही. जुलै २००७ मध्ये अर्ज स्वीकारण्याची घोषणा करून ती अचानक मागे घेण्यात आली, तेव्हा रांगेतील भारतीयांनी इमिग्रेशन विभागाच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. ही कल्पना 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधील गांधीगिरीची. त्याच महिन्यात निर्णय फिरविला गेला. अर्जुन मेहताही हिंदी चित्रपटाच्याच प्रतिमेचा आधार घेतो, पण विध्वंसासाठी. प्रत्यक्षातील तंत्रज्ञांनी त्याच चित्रपटसृष्टीतून विनयशील निषेधाची रीत उचलली. कादंबरीकाराला या वर्गात गुन्हेगार आणि बळी एवढ्याच शक्यता दिसल्या. संघटित, संयमी अर्जदार दिसला नाही.

समारोप

'ट्रान्समिशन'ने व्हिसाला पार्श्वभूमीतून उचलून कथानकाच्या केंद्रस्थानी आणले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तुटण्याच्या क्षणाला तिने रूप दिले. थांबून राहण्याच्या वर्षांना रूप देणे तिला साधले नाही. त्यासाठी वेगळ्या, संथ आकृतिबंधाची आवश्यकता आहे.

अभ्यासक्रमात अशी कादंबरी शिकविताना कायद्याची ही चौकट सोबत ठेवणे अगत्याचे ठरते. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली आणि त्यांतील अनेक पदवीधरांनी अमेरिकेची वाट धरली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा त्याची चिंता नाशिक-सांगलीच्या घरांतही पोहोचली. या घरांतील मुले आपल्या वर्गांत बसलेली असतात. अर्जुन मेहताचा करारनामा त्यांच्यासमोर केवळ परकीय संस्कृतीचा नमुना म्हणून न ठेवता, कोणत्या अटींवर कोण कोणावर अवलंबून राहतो याचा दस्तऐवज म्हणून वाचला गेला, तर साहित्याच्या अध्यापनाचे एक महत्त्वाचे प्रयोजन साध्य होईल.