कुमारांच्या कप्प्यात नसलेली पुस्तकं

मेहुणे गेले तेव्हा भाची नववीत होती. दोनेक महिन्यांनी तिने विचारलं, "मामा, असं झालेल्या कुणाचं पुस्तक आहे का?" ते शोधत मी औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घातली. मुलांचा कप्पा भरलेला होता: शिवचरित्र, शास्त्रज्ञांच्या गोष्टी, भुताचे वाडे, खजिन्याचे नकाशे. त्याला लागूनच स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. मधल्या वयाला काही नव्हतं.

'कुमार कादंबरी' हा शब्द मराठीत जुना आहे, पण आपण तो साहसाला बांधून टाकला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पिढ्या वाचत्या केल्या, ते ऋण मोठंच आहे. मात्र फेणे कधी मोठा होत नाही आणि त्याचं घरचं माणूस जात नाही. एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' १९६७ साली अमेरिकेत आली, तेव्हा लेखिका १८ वर्षांची होती आणि तिच्या गोष्टीतल्या तीन भावांचे आईवडील अपघातात गेलेले होते. तिकडे अशा पुस्तकांचा पुढे वेगळा कप्पाच झाला. आपल्याकडे तर मुलांचं सर्वात जिव्हाळ्याचं पुस्तक आईच्या मरणापाशीच पोहोचतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. ती वाट पुढे फारशी कुणी चालली नाही. मला वाटतं, मुलांची पुस्तकं मोठी माणसं विकत घेतात, हे त्याचं कारण. त्यांना संस्कार हवे असतात. श्यामच्या आईतूनही आपण तेवढेच उचलले, दुःख तिथेच ठेवलं.

म्हणून वाढत्या वयाची आपली चांगली पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात सापडतात. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) तिथलीच. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद, त्याची मित्रमंडळी, शिरोडकर आणि मित्रासारखा नरूमामा. सुजय डहाके यांच्या चित्रपटामुळे ती प्रेमकथा म्हणून गाजली. मला त्यात मैत्री जास्त दिसते: चारचौघांत बढाया मारणारी आणि खरं बोलायची वेळ आली की गप्प होणारी मुलं. मुलींच्या मनात मात्र बोकील जात नाहीत. शिरोडकर मुकुंदच्या नजरेतूनच दिसते. मुलींच्या वाढण्याबद्दल विचारलं की मला अजूनही शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'कडेच वळावं लागतं. ते 'लिटल विमेन'चं मराठी रूप. मूळ पुस्तक १८६८ चं. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बहिणींवर आमच्या मुलींची भूक भागवायची, हे मला बोचतं.

आपल्या जिल्ह्यातलं पुस्तक म्हणजे बाबा भांड यांची 'दशक्रिया'. पैठणचा घाट आणि तिथला पोरगा भान्या. दहाव्याचे विधी होतात, गोदावरीत राख पडते आणि भान्यासारखी पोरं ती चाळून नाणी काढतात. कुणाच्या घरात माणूस गेलं की भान्याच्या घरात दोन पैसे येतात. पोराला यात वावगं वाटत नाही, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलं नाही. भांड त्याच्याबद्दल कळवळा मागत नाहीत, म्हणून ते पान वाचून हात थांबतो. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. शाळेच्या सहली तिथे जातातच; जाण्याआधी आठवी-नववीच्या वर्गात हे पुस्तक फिरवायला काय हरकत आहे?

त्याच पैठणला नाथसागराच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'मध्ये धरणात जाणाऱ्या गावातला मुलगा आहे. या पुस्तकाला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. माणूस जाणं आणि गाव जाणं यांत मुलाच्या मनाला फार फरक करता येत नाही, हे कडूंना नेमकं कळलेलं आहे. मराठवाड्याच्या वाट्याचं असं पुस्तक मात्र मी अजून शोधतोच आहे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीपाशी राहणारी पोरं, बापाने फास घेतल्यावर सातबारा समजून घेणारा सोळा वर्षांचा मुलगा: बातम्यांत ती रोज भेटतात.

'कोसला' (१९६३) मी सतराच्या आत सुचवत नाही. नेमाड्यांचं ते पंचविशीतलं लेखन. पुढे ते इथल्याच विद्यापीठात शिकवत होते. पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं कॉलेज चौदाव्या वर्षी कंटाळवाणं वाटेल, पण धाकटी मनी देवीने जाते ती पानं कुणाही भावाबहिणीला कळतील. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मात्र चौदालाही द्यावं. आई जिवंत असून तिच्यापासून तुटणं, तिच्यावर रागावणं आणि तिचंच नाव लावणं, हे त्यांनी सोसून लिहिलं आहे.

या शहरात २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मोहल्ला बालवाचनालयं सुरू झाली. अशा कपाटांत ही पुस्तकं मोठ्यांची म्हणून बाजूला न काढता ठेवावीत. मुलं झेपेल तेवढंच वाचतात, बाकीचं सोडून देतात.

भाचीला मी अखेर प्रकाश नारायण संतांचा लंपन दिला. कादंबरी नव्हे, कथांचे चार संग्रह: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याची सुमी आणि क्षणोक्षणी 'मॅड' वाटणारं जग. 'झुंबर'मध्ये त्याचे बाबा जातात. तिला मी तेवढंच पुस्तक देणार होतो, मग थांबलो. आधीच्या तीन पुस्तकांत लंपनबरोबर हुंदडल्याशिवाय ते घर आपलं होत नाही आणि बाबा कोण होते तेही कळत नाही. म्हणून 'वनवास' दिलं. सध्या ती 'पंखा' वाचते आहे. चौथं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. ती मागेल तेव्हा देईन.