‘द लास्ट गर्ल’ : कोचो गावाची साक्ष

नादिया मुराद यांचे ‘द लास्ट गर्ल’ हे आत्मकथन जेना क्रायेस्की यांच्या लेखनसाहाय्याने २०१७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी लेखिकेला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ‘इस्लामिक स्टेट’च्या बंदिवासातील यातनांची कहाणी म्हणून हे पुस्तक वाचले जाते. माझ्या मते मात्र त्याचे खरे मोल पहिल्या भागात, आकांतापूर्वीच्या साध्या दिवसांच्या चित्रणात आहे.

कोचो हे उत्तर इराकमधील सिंजार परिसरातले याझिदींचे गाव. याझिदी एकच देव मानतात. मोराच्या रूपातील तावूसी मेलेक हा देवदूत त्यांना परमपूज्य आहे. इतरांनी याच देवदूताला सैतान ठरवले आणि ‘सैतानाचे पूजक’ ही शिवी पिढ्यान्‌पिढ्या याझिदींच्या वाट्याला आली. नादिया यांच्या शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात याझिदींचे नावही नव्हते. याझिदींच्या हातचे अन्न वर्ज्य मानणारे लोक त्या देशात आहेत. हातचे न खाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

हा अपमान याझिदींनी कसा सोसला? त्यांनी धर्म मुखोद्गत जपला, वाद टाळला आणि तरीही शेजार जोडला. मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याला धरून बसणारा ‘किरीव’ पुष्कळदा मुसलमान असे आणि ते नाते जन्मभर टिके. आपल्याकडील बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याची आठवण व्हावी, असे हे नाते आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये या शेजारधर्माची परीक्षा झाली. १५ ऑगस्टला कोचोतील पुरुषांची कत्तल झाली. लेखिकेचे सहा भाऊ आणि आई त्या संहारात गेली. आसपासच्या गावांतील शेजारी धावून का आले नाहीत, हा प्रश्न त्यांच्या मनाला सतत डाचतो. त्याचे उत्तर पुस्तकाच्या पहिल्या भागातच दडलेले आहे. ज्याच्या देवाला वर्षानुवर्षे सैतान म्हटले, त्याच्या घराला आग लागली तर पावले सहजासहजी उचलत नाहीत. कत्तल एका दिवसात झाली. तिची मशागत मात्र पिढ्यांची होती. असे असूनही लेखिकेची लेखणी द्वेषाने आंधळी होत नाही. मोसुलमधील एका सुन्नी कुटुंबाने जीव धोक्यात घालून आपल्याला वाचवले, हे त्या कृतज्ञतेने नोंदवतात.

पुस्तकात उणिवा आहेत. परक्या वाचकासाठी घातलेले राजकीय खुलासे कथनात आडवे येतात आणि तेथे कोचोतील मुलीचा आवाज क्षीण होतो. रोजच्या अवहेलनेचे उल्लेख ओझरते राहतात. वर्गात, बाजारात मन दुखावून घरी आलेल्या मुलाला याझिदी आई काय सांगत असेल, हे अधिक विस्ताराने वाचावेसे वाटते.

डिसेंबर २०१५ मध्ये नादिया संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलल्या, तेव्हा सोसून गप्प राहण्याची जुनी रीत त्यांनी मोडली. हे पुस्तक त्याच धैर्याचे पुढचे पाऊल आहे. घरातील मोठ्या मुलांनी ते आईवडिलांसमवेत वाचावे. बंदिवासाची प्रकरणे जड जातील. पण पहिला भाग सावकाश वाचावा आणि आपल्या घरात कोणत्या शेजाऱ्याविषयी कोणते शब्द सहज वापरले जातात, हे एकदा आठवून पाहावे.