‘राजांचा राजा’ : ख्रिस्ती राज्यविचाराची एक चिकित्सा

पृथ्वीवरील राजे आणि साम्राज्ये ईश्वराच्या इच्छेने उभी राहतात व त्याच्याच इच्छेने लयास जातात, ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत धारणा आहे. बौद्ध विचार सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. तेव्हा ही धारणा दोन वाक्यांत निकालात काढणे आम्हांस सोपे होते. परंतु जी कल्पना दोन हजार वर्षांहून अधिक काळ पीडितांना धीर देत आली आणि त्याच वेळी पीडकांच्याही उपयोगी पडली, तिची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवी.

या धारणेचे मूळ ज्यू धर्मग्रंथांत आहे. दानीएलाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा सम्राट नबुखद्नेस्सर आपल्या वैभवाचा गर्व करतो आणि त्याच क्षणी बुद्धिभ्रंश होऊन बैलासारखा गवत खाऊ लागतो. राज्य देणारा परात्पर ईश्वर आहे, हे मानल्यावरच तो शुद्धीवर येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते या ग्रंथाला अंतिम रूप इ. स. पूर्व १६७ ते १६४ च्या सुमारास, अंतियोखस चौथा हा राजा ज्यूंच्या उपासनेवर बंदी घालीत असताना मिळाले. म्हणजे जुन्या सम्राटाच्या कथेतून समकालीन जुलमी राजाला दिलेला तो इशारा होता. राजा हा देव नव्हे, असे शस्त्रहीन समाजाने म्हणावे, हे धैर्य लहान नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मात्र याच धारणेची दुसरी बाजू नव्या करारात दिसते. इ. स. ५७ च्या सुमारास, नीरो गादीवर असताना, पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सर्व अधिकार ईश्वराने नेमलेले असल्याचे सांगून त्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश केला. त्याच शतकाच्या अखेरीस रचल्या गेलेल्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तेच रोमन साम्राज्य समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपाने अवतरते. एकच साम्राज्य, एकच ईश्वर. निवाडे मात्र परस्परविरोधी.

इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ हा २२ खंडांचा ग्रंथ लिहिला. न्याय वजा केल्यास राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत आकाराखेरीज भेद उरत नाही, हा त्यातील चौथ्या खंडाचा विचार कोणाही समतावाद्यास मोलाचा वाटेल. परंतु पाचव्या खंडात तेच म्हणतात की, ज्या ईश्वराने ऑगस्टसला सत्ता दिली त्यानेच ती नीरोलाही दिली. त्याची कारणे गूढ असली तरी अन्याय्य नाहीत. येथे विचाराचा धागा तुटतो. सत्तेला न्यायाची कसोटी लावावयाची, परंतु ती सत्ता देणाऱ्याला मात्र लावावयाची नाही, अशी ही अडचण आहे.

ही अडचण केवळ ग्रंथांतली नव्हे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या समर्थनार्थ पौलाचा तोच तेरावा अध्याय पुढे केला जात असे. सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कैरॉस दस्तऐवजा’त तेथील ख्रिस्ती धर्मचिंतकांनीच याला ‘राज्याचे धर्मशास्त्र’ म्हणून धिक्कारले आणि ‘प्रकटीकरणा’तील श्वापदाचे स्मरण करून दिले. याउलट, हिटलरच्या जर्मनीत मे १९३४ मध्ये निघालेल्या बार्मेन घोषणेने चर्चवरील राज्यसत्तेचे स्वामित्व धैर्याने नाकारले, परंतु ज्यूंच्या छळाविषयी तीत एकही शब्द नव्हता. तिचे प्रमुख लेखक कार्ल बार्थ यांनी पुढे १९६७ साली ही आपली चूक असल्याचे मान्य केले.

या दोन उदाहरणांवरून आमचा निष्कर्ष असा : ईश्वराचे सार्वभौमत्व राजाला लहान करते खरे, परंतु ते आपोआप माणसाला मोठे करीत नाही. जेथे या श्रद्धेने अन्यायाविरुद्ध बळ दिले, तेथे वाचकाने आधी पीडिताचे दुःख पाहिले होते आणि मग ग्रंथ उघडला होता. दानीएलही सम्राटाला दीनांवर दया करण्याचा सल्ला देतोच. निर्णायक कसोटी दुःखाची आहे. तिला आकाशातील सिंहासनाचा आधार अपरिहार्य नाही.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात पहिला राजा ‘महासम्मत’ आहे. लोकांनी आपल्यातूनच त्याला निवडले आणि शासनकार्याबद्दल आपल्या भातातील वाटा देऊ केला. अर्थात बौद्ध देशांतील राजांनीही पूर्वपुण्याचा दाखला देऊन आपल्या सिंहासनाला पावित्र्य चढविले, हे विसरून आम्हांस इतरांची चिकित्सा करता येणार नाही.

भारतीय संविधानासमोरही हाच प्रश्न उभा राहिला होता. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, ही एच. व्ही. कामथ यांची दुरुस्ती १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेने ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली. त्यामुळे कोणाची श्रद्धा हिरावली गेली नाही; सत्तेला जाब विचारण्याचे उत्तरदायित्व तेवढे लोकांच्या माथी आले. ते ईश्वरावर सोपविता येत नाही, तसेच कोणा नेत्यावरही सोपविता येत नाही. ‘राजांचा राजा’ नाकारणाऱ्यांनी निदान एवढे ओझे तरी स्वतः वाहिले पाहिजे.