ताकाराझुकाचा ब्लूग्रास मेळा

ताकाराझुका म्हटलं की जपानी माणसाला आठवतात ती गरम पाण्याची कुंडं आणि फक्त स्त्रियांनी रंगवलेली संगीत नाटकं. पण याच नावाने १९७२ पासून ऑगस्टमध्ये, ह्योगो प्रांताच्या डोंगरात, उघड्या आकाशाखाली आणखी एक सोहळा रंगत आला आहे. तिथे घुमतात बँजो, फिडल आणि मँडोलिन, आणि गाणी असतात अमेरिकेतल्या केंटकी-व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखाची. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत या मेळ्याची दखल घ्यावीशी वाटते, कारण मायभूमीपासून दूर एखादी कला कशी टिकते, याचा इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

ब्लूग्रास हे तसं तरुण संगीत. केंटकीचा बिल मन्रो त्याचा जनक. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज त्याच्या चमूत आला आणि अंगठा व दोन बोटांनी बँजोवर सुरांची सर पाडू लागला, तेव्हा या संगीताचा बाज पक्का झाला. यात ढोल-ताशा काही नाही. मँडोलिनवाला तारा छेडून लगेच दाबतो, त्या ‘चक्’ आवाजावरच ताल उभा राहतो.

युद्धानंतर अमेरिकी सैनिकांसाठीच्या ‘फार ईस्ट नेटवर्क’ रेडिओवरून हे सूर जपानी तरुणांच्या कानी पडले. पुढे विद्यापीठांतून ब्लूग्रासची मंडळं निघाली. रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकून मुलांनी एकेक जागा बोटांवर बसवली. कोबेच्या ‘लॉस्ट सिटी’ या कॉफी हाउसात १९६७ साली ‘ब्लूग्रास ४५’ हा चमू जमला. १९७१ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि इंडियानातल्या बीन ब्लॉसमला, खुद्द मन्रोच्या महोत्सवात वाजवून आला.

चमूतले तोशिओ आणि साबुरो हे वातानाबे बंधू परतले ते एक ध्यास घेऊनच. अमेरिकेत ब्लूग्रासचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव व्हर्जिनियात फिनकॅसलला भरला तो १९६५ साली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत या भावांनी ताकाराझुकाचा मेळा सुरू केला. आज जगातल्या सर्वांत जुन्या ब्लूग्रास महोत्सवांत त्याची गणना होते. नुसत्या मेळ्यावर भागणार नाही, हेही त्यांनी ओळखलं होतं. म्हणून टपालाने रेकॉर्डी पुरवणं आणि १९८३ पासून ‘मूनशायनर’ हे मासिक चालवणं, ही कामंही त्यांनी अंगावर घेतली.

मेळ्याचा जीव मात्र मंचाइतकाच तंबूंपाशी असतो. मंचावरचा कार्यक्रम आटोपला की ठिकठिकाणी कोंडाळी जमतात आणि रात्र रात्र वादन चालतं. ओळख लागत नाही, गाणं ठाऊक असलं की पुरे. एकाने धून धरली की बाकीचे साथीला लागतात. मान किंचित हलवून तो शेजाऱ्याला खूण करतो आणि वादनाची पाळी पुढे सरकते. नवशिक्याच्या वाट्यालाही ती येते, तो अडखळला तर साथीदार ताल सोडत नाहीत. गावच्या भजनात टाळ उचलून कुणीही बसावं, तसाच हा मोकळेपणा. विद्यार्थ्यांची नवी तुकडी इथेच जुन्यांच्या हाताखाली तयार होत जाते.

मला या मेळ्याचं मोठेपण इथे दिसतं. इथला श्रोता बहुधा स्वतःच वादक असतो. जिच्याशी रक्ताचं, भाषेचं, धर्माचं कसलंच नातं नाही अशी कला या लोकांनी केवळ प्रेमापोटी आणि रियाजाच्या बळावर आपलीशी केली. आपल्याला तर अभंग, पोवाडा, नाट्यसंगीत वारशानेच मिळालं आहे. गणेशोत्सवात भारतातून नामवंत कलाकार जरूर बोलवावेत, त्यांचं गाणं कान भरून ऐकावं. पण दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांच्या हाती टाळ, पेटी आणि तबला द्यावा, चुकतमाकत का होईना, त्यांना मोठ्यांच्या बैठकीत बसवावं आणि त्यांची पाळी त्यांना मिळू द्यावी. परदेशात कला जगवायची तर ऐकणाऱ्यांनी वाजवायला लागलं पाहिजे. ताकाराझुकाच्या मंडळींनी हे पन्नास वर्षांहून अधिक काळ करून दाखवलं आहे.